आधी मशिदीतली पाटी वाचा

मोबाइल ॲपची मांडणी करणं हा माझा धंदा. राहणार परभणीचा, शिक्षणही इथंच. सुरुवातीला कामं आली ती शाळांची, पतपेढ्यांची, खता-बियाण्यांच्या दुकानांची. पुढं नमाज, रोजे, जकात, कुरआन यांच्याशी संबंध असलेली कामं वाढत गेली. मी नमाजी माणूस म्हटल्यावर गिऱ्हाईक गृहीतच धरतं, की "तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे." पण घरात लहानपणापासून पाळत आलेली गोष्ट हजारो अनोळखी लोकांच्या फोनात नीट उतरवायची म्हणजे फार विचारपूस करावी लागते. त्या विचारपुशीतून जे पदरात पडलं ते इथं मांडतो. मुद्द्यांचा क्रम फारसा महत्त्वाचा नाही. पहिला मात्र खरोखरच पहिला आहे.

१. वेळ परभणीची हवी, मुंबईची चालत नाही

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. परभणी त्याच्या पश्चिमेला, ७६.८ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सुमारे २३ मिनिटं मागून चालतो. वर्षभरात त्यात आणखी थोडं मागंपुढं होतं, म्हणून जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास लागते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १२.३७ वर जाते. मुंबईचा सूर्य आपल्याहून आणखी सुमारे १६ मिनिटं मागं.

एरवी एवढ्या फरकानं कुणाचं काही अडत नाही. रमजानात अडतं. फोननं मुंबई धरली आणि एखाद्या घरानं त्या वेळेवर सहेरी आटोपली, तर पहाट झाल्यावरही पाव तास खाणं चालू राहिलं, म्हणजे त्या दिवशीचा रोजा गेला. हैदराबादची वेळ धरली तर उलटं होतं, सूर्य बुडायच्या आधीच खजूर तोंडात. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे जुन्या घरांत हैदराबादचं कॅलेंडर भिंतीवर असणं नवलाचं नव्हतं. आमच्याही घरी असायचं, आणि अब्बा त्याच्या कडेला पेनानं परभणीचा फरक लिहून ठेवायचे.

जीपीएस बंद असलं की बरीच ॲप इंटरनेटच्या जोडणीवरून गाव ओळखायला जातात. कंपनीची जोडणी मुंबईहून निघत असली, की जिंतूरच्या फोनवर मुंबई उमटते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं ते नाव कुणी वाचत नाही. म्हणून मी ॲप उघडल्याबरोबर तालुका विचारतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, एवढी नऊ नावं. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम २६ किलोमीटर गेलं की एका मिनिटाचा फरक पडतो, म्हणजे तालुक्याइतकी माहिती पुरेशी होते. पुढचा हिशेब अक्षांश, रेखांश आणि तारीख यांवर फोनातल्या फोनात होतो. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि पहाटे चार वाजता खेड्यात रेंज नसली तरी काही बिघडत नाही.

सेकंदांचं काय करायचं हेही ठरवून घ्यावं लागतं. सहेरी संपण्याची वेळ नेहमी मागच्या मिनिटाला आणायची, इफ्तारची पुढच्या मिनिटाला न्यायची. मशिदींची छापील वेळापत्रकं एहतियात (खबरदारी) म्हणून एक-दोन मिनिटं अलीकडं-पलीकडं ठेवतात. ॲपनं ती मिनिटं 'चूक' समजून काढून टाकू नयेत.

२. ॲपनं फतवा देऊ नये

फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना धरायची, याचे संकेत वेगवेगळे आहेत. आपल्या उपखंडात चालणारी कराचीची पद्धत १८ अंश धरते, उत्तर अमेरिकेतली एक प्रचलित पद्धत १५ अंश. परभणीच्या अक्षांशावर त्या तीन अंशांचे १३ मिनिटांच्या आसपास होतात. परदेशात तयार झालेली ॲप तिथलीच पद्धत आधीपासून लावून देतात आणि वापरणाऱ्याला ठाऊकही नसतं की इथं निवडायला काही होतं.

असरचा, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाचा, फरक तर याहून मोठा. हनफी पद्धतीत सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर असर लागते, शाफई पद्धतीत एकपट झाल्यावर. (दुपारची मूळ सावली दोन्हींत वगळून मोजतात.) घड्याळात हा जवळजवळ तासाभराचा फरक आहे. मराठवाड्यात बहुतेक लोक हनफी, कोकणी मुसलमान शाफई, आणि अहले हदीस मंडळीही असर लवकरच्या वेळेला पढतात. रत्नागिरीची सून परभणीत आली की एकाच घरात दोन वेळा चालतात आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून 'योग्य वेळ' असं लिहिणं मी सोडायला लावतो. पद्धतीचं नाव स्पष्ट लिहावं, ते पहिल्याच पानावर असावं, आणि एका बोटानं बदलता यावं.

उरुसाचंही तसंच. परभणीतल्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी इंग्रजी तारखेनं फेब्रुवारीत भरतो, हिंदू-मुसलमान दोघांचीही गर्दी असते. उरुसाला न जाणारे, ते न मानणारे मुसलमानही याच गावात आहेत. कॅलेंडरमध्ये तो दाखवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. कार्यक्रमांची यादी चालू-बंद करता आली की वाद उरत नाही.

३. वेळ लागणं वेगळं, जमात उभी राहणं वेगळं

हा धडा मला मशिदीत अजान देणाऱ्या एका मुअज्जिन साहेबांनी दिला. त्यांच्यापुढं मी सगळे अंश, सावल्या, पद्धती मांडल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, ये सब ठीक है. हमारे मस्जिद की जमात कित्ते बजे है, उत्ता बता दे, बस."

मशिदीच्या भिंतीवर एक पाटी असते. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा आणि जुम्मा अशी सहा घड्याळं तिच्यावर रंगवलेली, आणि त्यांचे काटे हातानं फिरवायचे. ऋतू सरकला की मुअज्जिन साहेब स्टुलावर चढून फजरचा काटा दहा-पंधरा मिनिटं सरकवतात. जोहरची वेळ सव्वाबाराला लागली तरी जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, दीडला उभी राहते. दुकानदार, हमाल, रिक्षावाले या पाटीवर दिवस बेततात. हिशेबाची वेळ कितीही बिनचूक असली तरी ती पाटीवरची वेळ सांगत नाही.

आता नवीन ॲप हाती घेतलं की मी आधी गल्लीतल्या मशिदींच्या पाट्या वाचून येतो. ॲपमध्ये प्रत्येक मशिदीला स्वतःची जागा देतो आणि काटे फिरवण्याचा हक्क तिथल्याच माणसाकडं ठेवतो. त्याला संगणक येत नसतो, म्हणून त्याच्या पडद्यावरही तीच सहा घड्याळं ठेवायची. काटा बोटानं ओढला की वेळ बदलली.

मुंबईत २०२५ च्या जूनमध्ये भोंग्यांवर पोलिसांची कारवाई झाल्यानंतर माहीमच्या जुमा मशिदीसह काही मशिदींनी तमिळनाडूतल्या एका कंपनीच्या 'ऑनलाइन अजान' ॲपवर नाव नोंदवलं. मशिदीत अजान सुरू झाली की ती जशीच्या तशी लोकांच्या फोनवर ऐकू येते. कारवाईबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो, मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटली. लोकांनी मक्केच्या सुरेल रेकॉर्डिंगवर समाधान मानलं नाही. त्यांना आपल्याच मोहल्ल्यातल्या मुअज्जिनचा आवाज हवा होता, खोकल्यासकट.

गजराबद्दल एक तांत्रिक गोष्ट. अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेच्या गजराला वेगळी परवानगी लागते, आणि १४ पासून नव्यानं घेतलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही. त्यात स्वस्त फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवून ठेवतात. सहेरीचा गजर दहा मिनिटं उशिरा वाजला तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून रमजानच्या आधी, शाबान महिन्यातच, ॲपनं स्वतःहून विचारावं की गजर वाजतो का, एकदा वाजवून बघू का.

४. चांद दिसू द्या

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, आणि महिना चांद दिसण्यावर. फोनच्या आत मात्र हिजरी तारीख आधीच मोजून ठेवलेली असते, पुष्कळदा सौदीच्या उम्म अल-कुरा कॅलेंडरवरून. आपल्याकडे चांद बहुतेक वेळा सौदीच्या एक दिवस मागून दिसतो. परिणाम असा, की इथं लोक रोज्यात असतात आणि फोन "ईद मुबारक" म्हणून फुलं उधळतो. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या फुलांवर विश्वास ठेवून लहान पोर सकाळी पाणी प्यायलं आणि मग दिवसभर रडत बसलं. त्याचा पहिला रोजा होता तो.

एक दिवस मागंपुढं करण्याची सोय तर हवीच. पण माझा आग्रह त्याच्या पुढचा आहे. हिजरी महिन्याच्या २९ तारखेच्या संध्याकाळी ॲपनं उद्याची तारीख सांगूच नये. "चांदची खबर आल्यावर कळेल" एवढंच लिहावं. चांद दिसल्याचं ठरवणाऱ्या रुयते हिलाल कमिटीचा निर्णय स्थानिक मशिदीकडून आला की मग तारीख बदलावी. त्या संध्याकाळी गच्चीवर माणसं उभी असतात, पोरं आकाशाकडं बोटं दाखवत असतात, मशिदीत फोनवर फोन येत असतात. ही वाट पाहणंसुद्धा रमजानचाच भाग आहे आणि ॲपनं ते हिरावून घेऊ नये.

आणि हिजरी दिवस मगरिबला बदलतो, रात्री बाराला नाही. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

५. ठिकाण मागू नका, मागितलंत तर ठेवू नका

'मुस्लिम प्रो' हे जगभर वापरलं जाणारं नमाजाचं ॲप. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तस्थळानं बातमी दिली, की हे ॲप वापरणाऱ्यांची ठिकाणं एक्स-मोड नावाच्या कंपनीकडं जात होती आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. त्या वेळी ॲपचे डाउनलोड ९ कोटी ८० लाखांच्या वर होते. बातमीनंतर ॲपनं एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढं जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एक्स-मोड आणि तिच्या जागी आलेल्या आउटलॉजिक या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली.

कोण किती वाजता कोणत्या मशिदीत जातो, ही माहिती वाईट हातात पडली तर काय होऊ शकतं हे आपल्या देशात मुसलमानाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. पण कायदा नंतर येतो, मांडणी आधी. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही आणि कुणी मागितली तर द्यावीही लागत नाही. पहिल्या मुद्द्यातली तालुक्यांची यादी इथंही कामाला येते. नमाजाच्या वेळेसाठी फोन नंबर, ईमेल, खातं, काहीही लागत नाही. गिऱ्हाईक "पुढं उपयोगी पडेल" म्हणून नंबर घ्यायला सांगतं. तिथं मी हट्ट धरतो, आणि हट्टापायी काम गेलं तर जाऊ देतो.

६. बाईला कारण विचारू नका

सलग किती दिवस नमाज झाली, किती रोजे झाले, याचा आकडा दाखवायची टूम सगळ्या ॲपमध्ये आहे. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. आता मासिक पाळीच्या दिवसांत बाई नमाज पढत नाही, रोजा ठेवत नाही. शरीअतनंच तिला ती मोकळीक दिली आहे. त्या दिवसांच्या नमाजा तिला नंतर भरून द्याव्या लागत नाहीत, रोजे मात्र कजा म्हणून ठेवावे लागतात. असं असताना ॲप तिला दर महिन्याला सांगतं, तुमच्या इतक्या नमाजा चुकल्या. जी चूकच नाही तिचा ठपका.

काही ॲपनी यावर 'कारण निवडा' अशी यादी दिली. तो उपाय दुखण्याहून वाईट. आपल्याकडे एक फोन तीन-चार जणांच्या हातात असतो. दीर अलार्म लावतो, मुलगा गेम खेळतो. त्या पडद्यावर तिची पाळी लिहून ठेवायची? माझ्या बहिणीनं आणि तिच्या मैत्रिणींनी मला जे सांगितलं ते असं: एक 'थांबवा' बटण द्या, कारण विचारू नका, पडद्यावर काही वेगळं दाखवू नका, आणि कजा रोज्यांचा आकडा पासवर्डच्या आत ठेवा. त्यात प्रवास, आजारपण, बाळंतपण सगळं मावतं. मला यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही.

सलग दिवसांचा आकडाच मुळात नको असं माझं मत आहे. इबादतीची स्पर्धा लावली की दिखावा शिरतो. तस्बीह मोजायला आकडा असावा, पण तो दुसऱ्याला दिसू नये.

७. फोटो आणि नाव

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांच्या ॲपवर मुस्लिम बायकांचे फोटो त्यांना न विचारता उचलून लिलावाच्या नावाखाली मांडले गेले. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं अटका केल्या. त्यानंतरही मदरशाच्या वर्गापासून बचत गटापर्यंतच्या ॲपमध्ये फोटो सक्तीचा असतो याचं मला वाईट वाटतं. फोटोच्या जागी नावाचं पहिलं अक्षर चालतं. पडदा पाळणारीला ते हवंच असतं, न पाळणारीलाही त्यानं काही त्रास नाही.

नावाचा घोळ वेगळा. मराठवाड्यात मुसलमानांची नावं 'शेख अमुक शेख तमुक' अशी असतात, दुसरा शेख हा वडिलांच्या नावाबरोबर येतो. बायकांच्या नावापुढं बी, बेगम, परवीन, सुलताना, आणि आडनाव पुष्कळदा नसतंच. फॉर्मात 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असे तीन सक्तीचे चौकोन दिले, की कुणी शेख पहिल्या चौकोनात लिहितो, कुणी तिसऱ्या, कुणी दोन्हींत. मग आधारशी मेळ बसत नाही आणि शिष्यवृत्ती अडकते. नावाला एकच लांब चौकोन द्या आणि आधारवर आहे तसं लिहायला सांगा.

८. कुरआन आपल्या डोळ्यांच्या सवयीचा

परभणीतल्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर आपल्या उपखंडातल्या छापाचा कुरआन वाचला आहे. अक्षर जाड, जेर-जबर ठळक, समासात रुकूची खूण. बहुतेक ॲपमध्ये मदिनेच्या छापाचं लिखाण असतं. मजकूर तोच, पण खुणा लिहिण्याची रीत वेगळी, आणि अम्मीसारखी रोज वाचणारी बाई चष्मा पुसत अडखळते. तिला वाटतं तिचंच वाचन कच्चं आहे. दोन्ही छाप द्यावेत आणि इथल्या माणसाला इथला आधी दाखवावा. आपल्याकडे लोक ३० पाऱ्यांच्या हिशेबानं वाचतात, तर यादी पाऱ्यांचीही हवी. हाफिज पोरांना आयत पानाच्या कोणत्या ओळीवर आहे हेही पाठ असतं, म्हणून त्यांच्यासाठी पान छापल्यासारखंच राहावं, अक्षर मोठं केलं की ओळी घरंगळता कामा नयेत.

तिलावत किंवा अजान मध्येच तुटू नये. सूचना सरकवली तर आयत पूर्ण होऊन आवाज थांबावा. उर्दूसाठी नस्तालिक हवी, तिला ओळींमध्ये जास्त जागा लागते. आणि मराठी ठेवाच, कारण उर्दू बोलणारी पण मराठी शाळेत शिकलेली पिढी देवनागरीच सराईत वाचते.

९. जाहिराती

आयतीच्या खाली रमीची, व्याजी कर्जाची किंवा उघड्यावाघड्या चित्रांची जाहिरात येता कामा नये. कंपनी म्हणते जाहिराती आपोआप येतात. मग त्या पानावर जाहिरात ठेवूच नका.

१०. जकातीत शेतीही येते

जकातीचे हिशेब करून देणारी ॲप सोनं, चांदी, रोकड विचारतात आणि अडीच टक्के काढून देतात. ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी हा निसाब, म्हणजे जकात लागू व्हायची मर्यादा, शहरी नोकरदाराला पुरतो. सोयाबीन, कापूस, तूर काढणारा मानवतचा शेतकरी त्यात कुठंच नसतो. पिकावरचा उश्र वेगळा आहे: पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा, खर्च करून पाणी दिलेल्या पिकाला विसावा. याच जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचं रान आहे आणि निव्वळ पावसावरचंही आहे. भारतातल्या जमिनीला उश्र लागतो का यावर उलमांत मतभेद आहेत, तेव्हा ॲपनं हिशेब द्यावा आणि निर्णय शेतकऱ्यावर व त्याच्या मौलवींवर सोडावा.

११. किब्ला

परभणीहून किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेला आहे. फोनचं होकायंत्र पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारसायकलजवळ, लोखंडी पलंगावर भलतीकडं फिरतं. जवळ मशीद असेल तर तिच्या मेहराबीकडं बघा, असं ॲपनं सरळ लिहावं.

मराठवाड्यातल्या ज्या मुला-मुलींना असं काही बनवायचं आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढचा रमजान यायच्या दोन महिने आधी आपल्या गावातल्या एका इमामसाहेबांना, एका मुअज्जिनला, एका हाफिज पोराला आणि घरातल्या दोन बायकांना कच्चं ॲप हातात द्या, शेजारी बसा आणि ते बोलतील ते लिहून घ्या. ज्याला हे करायला वेळ नसेल त्यानं नमाजाचं ॲप बनवू नये.